पंचाहत्तर टक्के हजेरी

आमच्या मोहल्ल्यात तब्येतीची चौकशी फार होते. सलाम झाला की दुसरा प्रश्न तब्येतीचाच. कुणी आजारी पडले तर अयादतीसाठी घर भरून जाते. माणसे मोसंबी-सफरचंदाच्या पिशव्या घेऊन येतात, दवाखान्याच्या बाकावर रात्र रात्र बसतात, पैसा कमी पडला तर वर्गणी काढतात. आजारी माणसाला एकटे पडू न देणे हा आपल्या समाजाचा मोठा गुण आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. परंतु जो माणूस अजून आजारी पडलेला नाही, त्याच्या तब्येतीसाठी आपल्याकडे ना वेळ आहे, ना जागा. त्यातून तो माणूस बाई असेल तर विचारूच नका.

मी सोलापुरातील एका उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात शिकवते. विज्ञान हा माझा विषय. घरी दखनी बोलायची, वर्गात उर्दू, आणि लिहायचे झाले तर मराठीत, असे आमच्यासारख्यांचे तीन चुलींवरचे आयुष्य. वय सदतीस. दोन मुले, सासूबाई, मिस्टर, धाकटे दीर आणि मी, असे सहा जणांचे घर. गेली दोन वर्षे मी स्वतःच्या तब्येतीसाठी काही उद्दिष्टे ठरवून ती पाळण्याचा प्रयत्न करते आहे. त्यात मला जे समजले ते आपल्या वाचकांपुढे, विशेषतः भगिनींपुढे ठेवावे म्हणून हे लिहीत आहे.

सुरुवात अम्मीपासून करावी लागेल. २००३ साली अम्मीला मधुमेह असल्याचे कळले. तेव्हा ती ४४ वर्षांची होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, साखर बंद केली आणि रोज चालायला सांगितले. गोळ्या तिने नियमाने घेतल्या. साखर जमेल तशी कमी केली. चालणे मात्र झाले नाही. एकदा मी फार मागे लागले तेव्हा ती म्हणाली, "कहाँ चलूँ बेटा? बावर्चीखाने से मोरी तक?" मला उत्तर देता आले नाही. आमची गल्ली एक हातगाडी आडवी लावली की बंद होणारी. कडेला उघडी गटार, दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर पुरुष मंडळी बसलेली. त्या काळी बुरखा घालून एखादी बाई काही काम नसताना नुसतीच चालत सुटली असती तर दुपारपर्यंत तिच्या घरी दहा जणी विचारायला आल्या असत्या.

२०१४ च्या मे महिन्यात अम्मी गच्चीवर पापड वाळत घालत होती. सोलापूरचा मे काय असतो ते सोलापूरकरांना सांगायला नको. पारा ४० च्या पुढे आणि गच्चीची फरशी तव्यासारखी. पायातली चप्पल पापडाच्या चादरीपाशी काढून ठेवलेली. तळपायाला फोड येईपर्यंत तिला चटका जाणवलाच नाही. वर्षानुवर्षे रक्तातील साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरून येत नाही, हे मी आता मुलींना पाठ्यपुस्तकाच्या पलीकडे जाऊन शिकवते. त्या वेळी आम्हाला फक्त एवढेच दिसले की फोडाची जखम झाली, जखम काळी पडली आणि ऑगस्टमध्ये गुडघ्याखालून पाय काढावा लागला. त्यानंतर अम्मी तीन वर्षे जगली. २०१७ मध्ये ती गेली तेव्हा तिचे वय ५८ होते. त्या तीन वर्षांत तिला भेटायला न आलेला माणूस आमच्या नात्यात नाही.

अम्मीच्या इंतकालानंतर वर्षभराने माझे दुसरे बाळंतपण झाले. त्या वेळी सातव्या महिन्यात माझी साखर वाढली होती. बाळंतपणानंतर ती उतरली. परंतु गरोदरपणात जिची साखर वाढते त्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा सुमारे ७ पट असतो, म्हणून अधूनमधून तपासणी करत राहा, असे मला तेव्हाच बजावलेले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये केलेल्या तपासणीत एचबीए१सी ६.२ निघाले. हा आकडा मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवतो. ५.७ च्या खाली तो असला तर ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह, आणि मधला पट्टा म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. मी उंबरठ्यावर उभी होते. त्याच वर्षी जूनमध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले होते. देशात मधुमेहाचे १० कोटी १० लाख रुग्ण आणि उंबरठ्यावर आणखी १३ कोटी ६० लाख. त्या १३ कोटींत एक नाव माझेही होते.

डॉक्टरीणबाईंनी वजन केले, उंची मोजली, कमरेला टेप लावला. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ६१ किलो, कंबर ८८. मी म्हटले, "मॅडम, मी काही जाड नाही." त्या हसल्या. आपल्या लोकांसाठी बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषाची ९० च्या आत असावी, असे त्यांनी सांगितले. आणि पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची गोष्ट सांगितली. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिकांचे २१.२ टक्के. आपण भारतीय माणसे दिसायला बारीक आणि आतून चरबीची, असा त्याचा अर्थ. आमच्या नात्यात तर बाई जरा भरलेली असली की 'माशाअल्ला, खातेपिते घर' म्हणतात आणि दोन किलो वजन उतरले की 'सासरी काही त्रास आहे का' म्हणून माहेरी निरोप जातो. तिथे डोळ्यांवर विश्वास ठेवून कसे चालेल? टेप खोटे बोलत नाही.

घरी आल्यावर मी काय करायचे ते लिहून काढायला बसले. शिक्षकाला दुसरे काय येते? मी नवी टाचण वही घेतली. इथे मला बी.एड.च्या वर्षाची फार आठवण झाली. सराव पाठाच्या वेळी आमच्या एक मार्गदर्शक बाई होत्या. टाचणात 'विद्यार्थ्यांना प्रकाशाच्या परावर्तनाचे ज्ञान देणे' असे उद्दिष्ट लिहिले की त्या लाल शाईने काट मारत. म्हणत, ज्ञान दिले हे तुम्हाला कळणार कसे? विद्यार्थी नियम सांगतो, आकृती काढतो, फरक स्पष्ट करतो, असे काहीतरी लिहा जे मला मागच्या बाकावर बसून दिसेल. ध्येय दूरचे असते, उद्दिष्ट आजच्या पस्तीस मिनिटांचे असते, आणि उद्दिष्टाखाली स्पष्टीकरणे लिहिली नाहीत तर ते उद्दिष्टच नव्हे. त्या वेळी मला हा नुसता कागदी कारभार वाटत असे. स्वतःच्या तब्येतीचे टाचण लिहायला बसले तेव्हा त्यातला अर्थ उमगला.

'वजन कमी करायचे', 'साखर आटोक्यात आणायची', 'फिट राहायचे' ही सगळी ध्येये झाली. ती चांगली आहेत, परंतु उद्या सकाळी उठून त्यांचे काय करायचे ते ती सांगत नाहीत. शिवाय वजनाचा काटा माझ्या हुकमात नाही, माझे पाय माझ्या हुकमात आहेत. म्हणून मी वहीत तीनच उद्दिष्टे लिहिली. एक, रोज ३० मिनिटे चालणे, फज्रच्या नमाजनंतर लगेच, कारण तेव्हा उठणे होतेच, वेगळा गजर लावायला नको. दोन, चहातील साखर टप्प्याटप्प्याने बंद करणे. तीन, आठवड्यातून दोन दिवस घरात हातापायांच्या ताकदीचा व्यायाम करणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी हेच सांगितले आहे. आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे दमवणारे पण बोलता येईल असे चालणे किंवा तत्सम श्रम, आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम.

आजकाल ज्याच्या त्याच्या मोबाइलवर पावले मोजली जातात आणि १०,००० पावलांचा जप चालतो. हा आकडा कुठल्या वैद्यकाने ठरवलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विकायला आले, त्याचे नावच 'दहा हजार पावलांचा मापक' अशा अर्थाचे होते. जाहिरातीचा आकडा पुढे नियम होऊन बसला. ज्या बाईला घरातून बाहेर पडायला अर्धा तास मिळतो, तिने दहा हजारांच्या धास्तीने अर्धा तासही सोडून द्यावा, असे होऊ नये म्हणून हे सांगितले.

पहिले उद्दिष्ट कागदावर जितके सोपे होते तितके रस्त्यावर नव्हते. पहाटे गल्लीत कुत्री असतात. दिवे निम्मे बंद असतात. पहिले तीन आठवडे मिस्टर सोबत आले. ते स्वतः रात्री उशिरा झोपणारे, पण काही न बोलता आले, याची मी कृतज्ञतेने नोंद करते. आम्ही गल्लीतून निघून भुईकोट किल्ल्याच्या बाजूने सिद्धेश्वर तलावापर्यंत जायचो आणि परत यायचो. तिकडे पहाटे शहरातील कितीतरी बायका चालायला येतात. नऊवारीतल्या आजी येतात, पंजाबी ड्रेस आणि पांढरे बूट घातलेल्या बायका येतात. आमच्या बाजूच्या बायका मोजक्याच दिसत. बुरख्याने चालता येत नाही, हे खरे नाही. घेर मोठा आणि लांबी घोट्यापर्यंत असली, कापड हलके असले आणि पायात सपाट तळाचे बूट असले की उत्तम चालता येते. मी बुरखा दोन बोटे आखूड करून घेतला आणि चपलांऐवजी कापडी बूट घेतले. त्या बुटांकडे मात्र गल्लीने आठवडाभर पाहिले.

आणि मग प्रश्न सुरू झाले. दुधाच्या रांगेत, नळावर, शाळेच्या फाटकाशी. "टीचर, डाक्टर बोले क्या चलने कू?" विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांच्या आवाजात काळजीच होती. पण या प्रश्नाने मी विचारात पडले. 'हो, डॉक्टरांनी सांगितले आहे' असे म्हटले की सगळ्यांचे समाधान होई. वर चार नुस्खे मिळत, मेथीदाणे, कारल्याचा रस, जांभळाच्या बिया. म्हणजे दवाखान्याची चिठ्ठी हा बाईचा घराबाहेर पडण्याचा परवाना. चिठ्ठी हातात असेल तर पहाटे पाचला जा, कुणी काही म्हणणार नाही. परंतु चिठ्ठीची वेळ येऊ नये म्हणून कुणी चालू लागली, तर तिला कारण विचारले जाते. अम्मीच्या हातात २००३ पासून चिठ्ठी होती, पण तेव्हा तेवढाही परवाना चालत नव्हता. आता चिठ्ठीवाल्यांना परवाना मिळतो, ही प्रगतीच म्हणायची. पण तो फार उशिरा मिळतो. एके दिवशी मी नळावर सांगून टाकले, "डाक्टर के पास जाना नै पड़े, इस वास्ते चलती." बायका हसल्या. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या खाला विचारायला आल्या, मी आले तर चालेल का म्हणून. त्यानंतर मिस्टरांची झोप मोडावी लागली नाही.

दुसरे उद्दिष्ट चहाचे. एका दिवशी मी नुसती नोंद केली. घरी दोन कप, शाळेत मधल्या सुट्टीत आणि मोकळ्या तासाला मिळून दोन, संध्याकाळी एक आणि पाहुण्यांसोबत एक असे सहा कप. कपाला दोन चमचे. चमचा ४ ग्रॅमचा धरला तरी ४८ ग्रॅम साखर, तीही बिस्किटे, शीरखुर्मा, मिठाई सोडून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. एकदम साखर बंद केली असती तर चार दिवसांत डोके दुखून मी परत वळले असते. म्हणून दर पंधरा दिवसांनी कपामागे पाव चमचा कमी केला. आठ टप्पे, चार महिने. जिभेलाही शिकवावे लागते आणि तिला शिकवायला घाई चालत नाही. आज गोड चहा कुणी पुढे केला तर मला तो पाक वाटतो. सहाचे तीन कप आपोआपच झाले.

जेवणाचे मी फार नियम केले नाहीत. आमच्या जिल्ह्यात मंगळवेढ्याची ज्वारी नावाजलेली. भाकरी घरात होतीच. 'भाकरीने साखर वाढत नाही' असे बायका म्हणतात, ते मात्र खरे धरू नये. ज्वारीही धान्यच आहे, तिनेही साखर वाढते. मैद्याच्या रोटीपेक्षा ती बरी, एवढाच मुद्दा. किती खातो ते मोजावे लागतेच. म्हणून ताटाची विभागणी केली. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पावात डाळ, अंडे किंवा गोश्त, पावात भाकरी किंवा भात. सहा जणांच्या घरात एकीसाठी वेगळा स्वयंपाक करणे मला परवडणारे नव्हते आणि सासूबाईंनाही ते आवडले नसते. तोच स्वयंपाक, फक्त ताटातली जागा बदलली. दावतीत बिर्याणी आणि दालचा-खाना मीही खाते, पण एकदाच वाढून घेते.

आता मूळ मुद्द्यावर येते. ठरवणे सोपे, टिकवणे कठीण. आपल्यापैकी बहुतेकांचे असे होते की आठ दिवस नेमाने चालतो, नवव्या दिवशी घरी पाहुणे येतात, दहाव्या दिवशी पाऊस असतो आणि अकराव्या दिवशी 'गेले सगळे' म्हणून बूट माळ्यावर जातात. मी स्वतःसाठी हजेरीपट केला. १ सप्टेंबर २०२३ ते ३१ ऑगस्ट २०२४. वर्गाचा जसा असतो तसाच, हजर असेल तर 'ह', गैरहजर असेल तर 'गै'. आणि नियम ठरवला ७५ टक्क्यांचा. दहावीच्या परीक्षेला बसायला मुलाची हजेरी ७५ टक्के लागते. मूल आजारी पडते, गावाला जाते, घरी लग्न असते, हे बोर्डालाही मान्य आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला जी सवलत आपण देतो ती स्वतःला का देऊ नये? शंभर टक्क्यांची अट घालणारा माणूस पहिल्या गैरहजेरीलाच नापास होतो. पंचाहत्तरची अट घालणाऱ्याला दुसऱ्या दिवशी वर्गात परत यावेसे वाटते.

याला आधारही आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये डॉ. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते त्यांनी पाहिले. सरासरी ६६ दिवस लागतात, असे निघाले. परंतु एकाला १८ दिवस, तर दुसऱ्याला २५४ दिवस, इतका फरक. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्याच्या क्रमात विशेष फरक पडला नाही. 'एकवीस दिवसांत सवय लागते' असे सांगणारे व्याख्याते पुष्कळ आहेत. त्यांच्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी जो निराश होतो, त्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

वर्षाखेरीस हजेरीपटाची बेरीज केली. २०२४ लीप वर्ष असल्याने दिवस ३६६. हजर २८२, गैरहजर ८४. म्हणजे ७७ टक्के. परीक्षेला बसायला पात्र! पण शिक्षक तेवढ्यावर थांबत नाही. मुले कुठे अडली ते पाहण्यासाठी आपण निदानात्मक चाचणी घेतो आणि मग उपचारात्मक अध्यापन करतो. तसे मी ८४ 'गै' तपासले. लग्नकार्य आणि पाहुणे २१, मुलांचे आणि सासूबाईंचे आजारपण १९, पेपर तपासणी आणि निवडणुकीचे काम १७, माझे स्वतःचे दुखणे ९, पाऊस ८, आणि काहीच कारण नाही असे १०. म्हणजे आळस फक्त १० दिवसांचा. बाकीचे बहुतेक दिवस घराने आणि नोकरीने घेतले. बाईच्या बाबतीत 'इच्छाशक्ती कमी पडते' असे सरसकट म्हणणाऱ्यांनी असा एक हजेरीपट करून पाहावा. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत भारतातील ५७ टक्के स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष पुरेसे शारीरिक श्रम करत नाहीत, असे आढळले. दिवसभर राबणारी बाई आळशी कशी ठरते, असा प्रश्न पडेल. आमच्या शाळेतील काही मुलींच्या आया विड्या वळतात. मांडीवर सूप घेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका जागी. बोटे झिजतात, पाठ मोडते, पण पाय हलत नाहीत. राबणे आणि व्यायाम होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उपचार असा केला. पाहुण्यांच्या, पावसाच्या आणि आजारपणाच्या दिवसांसाठी 'राखीव पाठ' ठेवला. गच्चीवर किंवा घरातच दहा-दहा मिनिटे तीन वेळा चालणे. पूर्वी सलग दहा मिनिटांखालचे श्रम हिशेबात धरत नसत. २०२० च्या शिफारशींत ती अटही काढून टाकली आहे. पाच मिनिटेही मोजायची. हे कळले तेव्हा मला फार हलके वाटले. ताकदीच्या व्यायामालाही काही सामान लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून ढकलणे, पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्या उचलणे. माझी मुलगी मोजायला बसते आणि आठनंतर मुद्दाम परत पाचपासून मोजते.

रमजानने माझे वेळापत्रक बदलले. २०२४ चा रमजान मार्चच्या मध्यावर सुरू झाला, उन्हाळा तोंडावर. रोजात पहाटे चालून दिवसभर तहान ओढवून घेण्यात शहाणपण नव्हते. त्या महिन्यात इफ्तारनंतर २० मिनिटे चालायचे, एवढेच ठेवले. जेवणानंतर थोडे चालले की साखर कमी चढते, त्यामुळे हा सौदा काही वाईट नव्हता. दस्तरख्वानावर भजी-समोसे होतेच, ते बंद करण्याइतकी माझी हिंमत नाही. पण खजूर दोन, मग पाणी, फळे साखर न टाकता, आणि तळलेले एकच, असे ठेवले. माझे उंबरठ्यावरचे होते, औषध नव्हते. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी मात्र रमजानच्या आधी महिना-दीड महिना डॉक्टरांना भेटून मात्रा आणि वेळा बदलून घ्याव्यात. शेजारणीच्या सल्ल्यावर रोजा ठेवणे किंवा गोळी सोडणे, दोन्ही धोक्याचे.

सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा तपासणी केली. एचबीए१सी ५.८. वजन ६१ वरून साडेसत्तावन्न. कंबर ८८ वरून ८३. 'कायापालट' वगैरे म्हणावे असे यात काही नाही. अजून मी उंबरठ्यावरच आहे, फक्त आतल्या बाजूला सरकले आहे. पण या लहान आकड्यांना किंमत आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला त्यांच्यापैकी सुमारे ३ वर्षांत शंभरातील ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांच्याकडून चालणे आणि आहारातील बदल नेटाने करून घेतले त्यांच्यापैकी ३९ जणांना. म्हणजे शंभरातील सोळा माणसे वाचली. ३९ जणांना मधुमेह झालाच, हेही खरे. प्रयत्न केला की हमी मिळते असे नाही. पण अम्मीचा पाय डोळ्यांपुढे ठेवून मी सोळांत येण्याची उमेद सोडणार नाही.

आज पहाटे आम्ही सात जणी असतो. दोघी विडी कामगार आहेत. एक बाजी साठीच्या आहेत, त्या अर्ध्या वाटेवर थांबतात आणि परत येताना आम्हाला सामील होतात. उन्हाळ्यात सकाळची शाळा लागली की पहाटेची वेळ हातातून जाते, म्हणून आम्ही शाळेच्या मैदानाचे फाटक मगरिबनंतर तासभर बायकांसाठी उघडे ठेवावे अशी विनंती केली. चार महिने लागले, पण परवानगी मिळाली. त्याच मैदानावर नववी-दहावीच्या मुलींचा शारीरिक शिक्षणाचा तासही आता होतो. पूर्वी तो गणिताला दिला जायचा. सुरुवातीला निम्म्या मुली 'मिस, चक्कर आती' म्हणून भिंतीकडेला बसत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींत रक्त कमी आहे. ती चक्कर बहाणा नव्हती. लोहाच्या गोळ्या नियमाने घ्यायला लावल्या, डबा तपासला, आणि आता दुपट्टा पिनेने पक्का करून त्या खो-खो खेळतात.

समाजातील थोरामोठ्यांना माझी एकच विनंती आहे. आपल्याकडे शादीखाने आहेत, शाळांची मैदाने आहेत, मदरशांची अंगणे आहेत. त्यांपैकी एक जागा, दिवसातून एक तास, दिव्याच्या उजेडासह बायकांना चालण्यासाठी द्यावी. यासाठी वर्गणी लागत नाही, किल्ली लागते. घरातील पुरुषांनी तीन आठवडे पहाटे सोबत करावी, पुढे बायका एकमेकींची सोबत शोधतात. आणि भगिनींनो, आपण एक वही घ्या. ध्येय कितीही मोठे असो, पहिल्या पानावर उद्या सकाळी काय करणार तेवढेच लिहा. हजेरी मांडा. पंचवीस टक्के गैरहजेरी आधीच माफ आहे. उरलेली पंचाहत्तर मात्र कुणी दुसरे येऊन भरणार नाही.